खेळासाठी संगणक जुळवताना

दहावी-बारावीचे निकाल लागले, की ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधील संगणकांच्या दुकानांत एक ठरावीक चित्र दिसू लागते. मुलाच्या मोबाइलवर सुट्या भागांची यादी, वडिलांच्या मनात पन्नास हजारांचा आकडा आणि दुकानदाराच्या टेबलावर आधीच छापून ठेवलेली तीन-चार ‘पॅकेजेस’. यादीतील निम्मे शब्द वडिलांना परके असतात. उरलेल्या निम्म्यांचा अर्थ मुलालाही पुरता ठाऊक नसतो. अर्ध्या तासात व्यवहार आटोपतो आणि रंगीत दिव्यांची पेटी रिक्षातून घरी येते. ज्या खेळासाठी हा खटाटोप केला तो अडखळत चालतो किंवा ऐन रंगात आला असता संगणकच बंद पडतो, हे पुढे महिन्याभरात कळते.

सुटे भाग आणून संगणक जुळवण्याची परंपरा या शहरांना नवी नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही मध्यमवर्गीय घरात आलेला पहिला संगणक बहुधा ‘असेंबल्ड’च असे. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणायचे आणि ओळखीच्या कुणा जाणत्याकडून ते जोडून घ्यायचे, ही त्या काळची रीत. तो संगणक कागदोपत्री ‘अभ्यासासाठी’ असे. खेळायचे ते सायबर कॅफेत, तासाचे पैसे मोजून. आता खेळ घरात आला आहे आणि तो चालवण्यासाठी लागणारी ताकद अभ्यासाच्या संगणकापेक्षा कितीतरी अधिक आहे. साध्या कामाच्या संगणकात एखादा भाग कमी-जास्त असला तरी निभावते. खेळाच्या संगणकात मात्र एक बैल तगडा आणि दुसरा मरतुकडा असला, तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने चालते.

बहुतेक नवखे ग्राहक खरेदीची सुरुवात प्रोसेसरपासून करतात आणि वीज पुरवणारा भाग, म्हणजे एसएमपीएस, शेवटी उरलेल्या पैशांत उरकतात. हा क्रम नेमका उलटा हवा. आधी खेळ, मग पडदा, त्याला साजेसे ग्राफिक्स कार्ड, त्या कार्डाला पुरेल असा प्रोसेसर. आणि एसएमपीएसची रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवलेली.

आधी खेळ, मग पडदा

‘गेमिंग’ हा एकच शब्द असला तरी त्यात दोन अगदी वेगळ्या गरजा दडलेल्या आहेत. २०२० मध्ये आलेला व्हॅलोरंट किंवा २०२३ मधील काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धात्मक खेळ मुख्यतः वेगाचे. त्यांत चित्राची नजाकत दुय्यम. सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, पडद्यावर उमटतात यावर सारे अवलंबून. याउलट मोठ्या कथाप्रधान खेळांत रस्ते, पाऊस, सावल्या, प्रतिबिंबे यांचा पसारा असतो. तेथे सेकंदाला साठ फ्रेम मिळाल्या तरी खेळणारा तृप्त होतो. परंतु त्या साठ फ्रेम काढताना यंत्राचा घाम निघतो. घरातील मुलगा यांपैकी काय खेळणार, हे विचारल्याशिवाय कोटेशन मागू नये.

पडद्याबाबत निर्णय सोपा आहे. मर्यादित खर्चात १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, ज्याला बाजारात ‘फुल एचडी’ म्हणतात, सुमारे २४ इंची मॉनिटर घ्यावा आणि त्यापुढे जाण्याचा मोह टाळावा. ‘फोर-के’ पडद्यावर ठिपक्यांची संख्या चौपट होते आणि तेवढे ठिपके रंगवण्याचे ओझे ग्राफिक्स कार्डावर पडते. स्पर्धात्मक खेळ खेळायचे असतील तर १४४ हर्ट्झ वा त्याहून अधिक रिफ्रेश रेटचा मॉनिटर उपयोगी ठरतो. कथाप्रधान खेळांना ७५ ते १०० हर्ट्झ पुरतात. पॅनल आयपीएस असल्यास रंग चांगले दिसतात आणि बाजूने पाहिल्यास चित्र फिके पडत नाही. ज्या घरात त्याच पडद्यावर रात्री सारे कुटुंब मालिका पाहते, तेथे हा गुण किरकोळ नाही.

नवा मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तरी विंडोज त्याला अनेकदा ६० वरच ठेवते. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा स्वतः बदलावा लागतो. जादा पैसे मोजून वर्षभर साठ हर्ट्झवरच खेळणारे नवखे खेळाडू कमी नाहीत.

ग्राफिक्स कार्ड: खरा खर्च येथे

खेळातील प्रत्येक चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. म्हणून मॉनिटर वगळून उरणाऱ्या रकमेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक या एकाच भागावर जाणे स्वाभाविक आहे. कोटेशनमध्ये हा हिस्सा पाचव्या भागाइतकाच दिसला आणि प्रोसेसरचे नाव मात्र भारदस्त असले, तर तो संगणक कार्यालयाचा आहे, खेळाचा नव्हे, असे समजावे.

फुल एचडीसाठी गेल्या काही वर्षांत जी कार्डे किफायतशीर ठरली, त्यांत ऑक्टोबर २०२१ मधील एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६६०० ठळक आहे. आठ जीबी मेमरी आणि १३२ वॉट विजेची गरज, असा त्याचा हिशेब. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० दोन रूपांत आले: जानेवारी २०२२ चे आठ जीबीचे आणि फेब्रुवारी २०२४ चे सहा जीबीचे. नाव एकच असले तरी ही दोन कार्डे सारखी नाहीत. सहा जीबीचे कार्ड शक्तीने कमी आहे. मात्र ते अवघ्या ७० वॉटवर चालते आणि त्याला स्वतंत्र वीजजोडणी लागत नाही. जुन्या कार्यालयीन संगणकात बसवायला म्हणूनच ते सोयीचे. इंटेलचे डिसेंबर २०२४ मधील आर्क बी५८० बारा जीबी मेमरी देते. पण जुन्या प्रोसेसर-मदरबोर्डवर त्याची ताकद पुरती उतरत नाही. नव्या संगणकासाठी त्याचा विचार करता येईल, जुना सुधारण्यासाठी नव्हे. मॉडेले बदलत राहतील. खूणगाठ एवढीच बांधावी, की आजचे मोठे खेळ पाहता आठ जीबीपेक्षा कमी मेमरीचे कार्ड नव्याने घेणे दूरदृष्टीचे नाही.

मेमरीचा आकडा म्हणजे ताकद नव्हे, हेही तितकेच खरे. ‘फोर जीबी ग्राफिक्स कार्ड’ अशी जाहिरात करून जीटी ७३० सारखे २०१४ चे कार्ड स्वस्त पॅकेजमध्ये घातले जाते. त्याने पडदा उजळतो, खेळ चालत नाही. दुकानदार ‘ग्राफिक्स कार्ड आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण ग्राहकाने पूर्ण नाव आणि वर्ष विचारलेले नसते.

कार्डासाठी पैसेच उरत नसतील, तर काय? तेव्हा ज्यात ग्राफिक्सची सोय आतच आहे असा प्रोसेसर घ्यावा. एएमडीचा २०२१ मधील रायझन ५ ५६००जी हा या वर्गातला परिचित प्रोसेसर आहे. रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास व्हॅलोरंटसारखा हलका खेळ त्यावर फुल एचडीत साठ फ्रेमच्या वर सहज जातो. जानेवारी २०२४ मधील रायझन ५ ८६००जी त्याहून सरस आहे, परंतु त्याला नवा मदरबोर्ड आणि महाग रॅम लागते. हा मार्ग पत्करणाऱ्याने एसएमपीएस मात्र पुढे येणाऱ्या कार्डाच्या हिशेबानेच घ्यावा. वर्षभराने पैसे साठले की कार्ड तेवढे आणून बसवता येते. लॅपटॉपमध्ये ही सोय नाही. ‘तेवढ्याच पैशांत लॅपटॉप का नको?’ असे विचारणाऱ्या पालकांना एवढे उत्तर पुरेसे व्हावे.

कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्याच खाचेत लावायची असते. ती सवयीने मदरबोर्डाच्या खाचेत लावली जाते आणि वीस हजारांचे कार्ड आत स्वस्थ बसून राहते.

‘आय-फाइव्ह’ची भुरळ

‘आय-फाइव्ह’ या नावाची मोहिनी अद्याप ओसरलेली नाही. हे नाव इंटेलने २००९ मध्ये बाजारात आणले. तेव्हापासून त्याच्या अनेक पिढ्या होऊन गेल्या. पण पॅकेजच्या फलकावर पिढी लिहिलेली नसते. कार्यालयांनी मोडीत काढलेल्या संगणकांतील २०११-१२ चे आय-फाइव्ह प्रोसेसर, नवी पेटी आणि लुकलुकणारे पंखे यांचा मेळ घालून ‘गेमिंग पीसी’ सर्रास विकला जातो. चार गाभ्यांचा तो जुना आय-फाइव्ह, २०२२ मधील आय-थ्री १२१००एफ या खालच्या पायरीवरच्या प्रोसेसरपुढे टिकाव धरत नाही. जुने झिऑन प्रोसेसर आणि नाव नसलेले चिनी मदरबोर्ड यांचे स्वस्त संचही याच जातीचे. गाभे पुष्कळ, वेग बेताचा आणि बिघडल्यास दाद कुणाकडे मागायची, हा प्रश्न.

याला आता आणखी एक बाजू आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालवण्यासाठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर लागतात, तसेच टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज ११ वर व्हॅलोरंट सुरू होण्यासाठीही टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असणे बंधनकारक आहे. त्यामुळे जुना प्रोसेसर नुसता हळू नाही. मुलाला हवा तो खेळ त्यावर रीतसर सुरूच होणार नाही, असाही प्रसंग येऊ शकतो.

सुरुवातीला सहा गाभ्यांचा प्रोसेसर घेणे उत्तम: इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ५६०० या दर्जाचा. हात आखडता असेल तर चार गाभ्यांचा १२१००एफ चालून जाईल. इंटेलच्या नावामागील ‘एफ’ या अक्षराचा अर्थ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, असा आहे. असा प्रोसेसर घेऊन ‘कार्ड पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्याला महिनाभर काळा पडदाच पाहावा लागेल. ५६००जी ला पुढे कार्ड जोडायचे झाल्यास हेही ध्यानात असू द्यावे, की त्याचा कार्डाशी बोलण्याचा मार्ग जुन्या, तिसऱ्या पिढीचा आहे. म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी सारखे अरुंद जोडणीचे कार्ड त्याच्याबरोबर मुळीच घेऊ नये.

मदरबोर्ड प्रोसेसरच्या खाचेला जुळणारा हवा, हे उघड आहे. एएमडीची एएम४ खाच २०१७ च्या रायझनपासून बहुसंख्य घरांत पोहोचली. तिचे भाग स्वस्त आहेत, पण पुढे वाढण्यास वाव थोडा. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेली एएम५ महाग आहे. तिला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीची खाच एक, पण त्याच खाचेचे काही मदरबोर्ड डीडीआर४ रॅम घेतात, तर काही डीडीआर५. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. स्वस्त मदरबोर्डवर वाय-फाय बहुधा नसते. त्याची खंत करू नये. राउटरपासून लॅनची तार ओढून घेतल्यास स्पर्धात्मक खेळाला तीच अधिक भरवशाची.

रॅम १६ जीबी घ्यावी आणि ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. एकच सोळाची पट्टी घातल्यास मेमरीचा निम्मा रस्ता बंद राहतो. आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना हा फरक डोळ्यांना दिसेल इतका जाणवतो. रॅमच्या किमतीबाबत मात्र सावध राहायला हवे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड गुंडाळत असल्याचे जाहीर केले. सहा महिन्यांपूर्वीचे कोटेशन किंवा मित्राने दिलेला आकडा यांवर विसंबून घरून पैसे मोजून निघू नये. भाव त्याच दिवशी विचारावा. रॅम परवडेनाशी झाल्यास आठची एक पट्टी घेऊन दुसरीची खाच रिकामी ठेवणे हा तात्पुरता तोडगा आहे.

साठवणुकीसाठी एनव्हीएमई एसएसडी, शक्य तर एक टीबीची. मोठा खेळ एकेकटा शंभर जीबीपर्यंत जागा खातो.

वीज, अर्थिंग आणि एसएमपीएस

ग्राहकाला न दिसणारा, पण बाकी सगळ्या भागांचे आयुष्य ज्याच्या हाती आहे असा भाग म्हणजे एसएमपीएस. घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन तो संगणकाला लागणारी कमी दाबाची वीज देतो. बाजारात कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस असतो. त्यावर ४५० किंवा ५०० वॉट असे छापलेले असते. त्या आकड्यावर विश्वास ठेवायला आधार नसतो. हातात घेतल्यावर तो खेळण्यासारखा हलका लागतो आणि त्याच्या आत धातूचा अंश जितका कमी, तितकी संरक्षणाची व्यवस्थाही कमी. ग्राफिक्स कार्डाने जोर धरला, की तो मान टाकतो आणि जाताना कधी मदरबोर्ड, कधी कार्ड यांना बरोबर नेतो. चाळीस हजारांचे भाग हजार रुपयांच्या भागावर टांगून ठेवण्याचा हा प्रकार आहे.

येथे वर्णिलेल्या संगणकाला नामांकित कंपनीचा ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा आहे. ‘८० प्लस ब्राँझ’ ही खूण असणे चांगले. पण ती खूण विजेच्या बचतीची आहे, मजबुतीची नव्हे. मजबुतीचा अंदाज कंपनीने किती वर्षांची वॉरंटी दिली आहे यावरून येतो. पाच वर्षांची असेल तर निर्मात्याला स्वतःच्या मालावर भरवसा आहे, असे समजण्यास हरकत नाही.

यापुढचा प्रश्न दुकानातला नाही, घरातला आहे. डोंबिवली-कल्याणच्या जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट भिंतीवर असते. त्यामागे अर्थिंगची तार असेलच असे नाही. अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, की मुंग्या येतात. कित्येक घरांत त्याला ‘थोडा करंट मारतो’ म्हणून हसण्यावारी नेले जाते. एसएमपीएसच्या आत विद्युत गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात. ते आपला गळता प्रवाह अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटचा पत्रा सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी क्षीण असल्याने एरवी इजा होत नाही. मात्र एखादे दिवशी आतील इन्सुलेशन बिघडले, तर ती वीज वाट काढण्यासाठी माणसाच्या शरीराखेरीज दुसरे काही शोधणार नाही. टीव्ही, मॉनिटर वा केबल जोडताना त्याच तरंगत्या व्होल्टेजने एचडीएमआय खाच जळण्याचा धोका आहे तो वेगळाच. म्हणून संगणकाचे कोटेशन आणण्यापूर्वी वायरमनला बोलावून सॉकेटची अर्थिंग तपासून घ्यावी. पंख्याच्या बोर्डावरून ओढलेल्या दोन पिनांच्या एक्स्टेन्शनवर खेळाचा संगणक कधीही चालवू नये.

वीज जाण्याचाही विचार करावा लागतो. भारनियमनाच्या वर्षांत या शहरांतील घराघरांत इन्व्हर्टर आले. पावसाळ्यात फांदी तारेवर पडली, की ते अजूनही कामी येतात. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी तर मुंबई, ठाणे आणि लगतच्या भागांतील वीज एकाएकी गेली आणि घरून काम करणाऱ्यांची तारांबळ उडाली. घरगुती इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा झाल्यास तो शुद्ध साइन वेव्हचा असावा आणि ‘यूपीएस मोड’वर ठेवलेला असावा, साध्या मोडवर विजेची अदलाबदल होईपर्यंत संगणक बंद पडतो. स्वतंत्र यूपीएस घेणाऱ्यांनी व्हीए आणि वॉट यांची गल्लत करू नये. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॉटच देतो. खेळ चालू असताना पेटी आणि मॉनिटर मिळून तीनशे वॉटच्या आसपास गेले तर तो जेमतेम काही मिनिटे तग धरेल. संगणक नीट बंद करायला तेवढी पुरतात. सामना पूर्ण करायला नाही.

विजेच्या बिलाची धास्ती काही पालकांना असते. तीनशे वॉट, रोज तीन तास, असा हिशेब धरला तर महिन्याला २७ युनिट होतात. आकडा मोठा नाही, पण महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. ज्यांचा वापर शंभर किंवा तीनशे युनिटांच्या उंबरठ्यावर आहे, त्यांचे जादा युनिट वरच्या दराने मोजले जातील.

पेटी, उकाडा आणि पाऊस

कॅबिनेट निवडताना समोर काच असलेली पेटी देखणी दिसते, पण मे महिन्यात ठाण्याच्या उकाड्यात ती भट्टी होते. समोर जाळी, पुढे हवा आत ओढणारा निदान एक पंखा आणि मागे बाहेर टाकणारा दुसरा, एवढे पाहावे. जाळीमागे धूळ गाळणारी, काढून धुता येणारी चाळणी असावी. रस्त्यांची आणि इमारतींची कामे सतत चालू असलेल्या या पट्ट्यात ती महिन्याला धुवावी लागते. रंगीत दिव्यांवर खर्च करायचा की नाही हा ज्याच्या-त्याच्या हौसेचा प्रश्न. ज्या वन-रूम-किचनमध्ये संगणक दिवाणखान्यात असतो आणि तेथेच आजोबांचे अंथरूण पडते, तेथे ते दिवे पहिल्याच आठवड्यात कायमचे विझतात.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पेटी जमिनीवर ठेवू नये. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराने कल्याण-बदलापूर परिसरात काय केले, हे ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगायला नको. दमट हवेत संगणक महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवलेला बरा.

खरेदी, बिल आणि वॉरंटी

लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; जुने नाव १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे. डोंबिवली-कल्याणहून जाणाऱ्यांनी दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरावी आणि ग्रँट रोडला उतरावे. बहुतांश दुकाने रविवारी बंद असतात, हे माहीत नसल्याने सुट्टीच्या दिवशी फेरी फुकट गेलेले पुष्कळ. पेटी आणि मॉनिटर घेऊन संध्याकाळच्या गर्दीत परत येणे हे दिव्यच आहे. दुपारची गाडी आणि सामानाचा डबा त्यातल्या त्यात बरा. तीन-चार दुकानांत फिरून भाव काढल्यास एकूण रकमेत फरक पडतो. तथापि तो फरक थोडाच असेल, तर ठाणे, डोंबिवली वा कल्याणच्या दुकानातच खरेदी करण्यात शहाणपण आहे. भाग बिघडला की त्या दुकानापर्यंत चालत जाता येते. ऑनलाइन भाव पाहावा तो घासाघीस करण्यासाठी. तेथून घ्यायचे तर विक्रेता कोण आणि वॉरंटी भारतातली आहे का, हे तपासूनच.

जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ ही सूचना गोड वाटते. पण त्याबरोबर वॉरंटीचा पुरावा आणि तक्रारीचा आधार दोन्ही जातात. बिलावर नुसते ‘कॉम्प्युटर सेट’ असे लिहून घेऊ नये. प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि सीरियल नंबर त्यावर असावा. प्रोसेसर सीलबंद खोक्यातून, आपल्यासमोर काढलेला असावा. खोक्यातील प्रोसेसरला बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते. खोक्याविना सुटा विकल्या जाणाऱ्या ‘ट्रे’ प्रोसेसरची हमी दुकानदाराच्या शब्दापुरतीच. रिकामी खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवावीत.

जुन्या ग्राफिक्स कार्डांचा बाजार मोठा आहे आणि हात आखडता असलेल्यांना तो खुणावतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या ‘खाणकामा’त रात्रंदिवस राबलेली कार्डे विक्रीला निघाली. अशी सगळीच कार्डे वाईट नसतात. पण त्यांचे पंखे आणि थर्मल पेस्ट थकलेली असतात. जुने कार्ड घ्यायचे तर ते प्रत्यक्ष खेळात किमान अर्धा तास चालवून पाहावे आणि जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडून त्याची ओळख पटवावी. जुन्या, क्षीण चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवलेली बनावट कार्डे या बाजारात फिरतात आणि तो प्रोग्राम अशांपैकी अनेकांना ओळखतो. एसएमपीएस मात्र जुना घेऊ नये, तो कितीही नामांकित असो.

दुकानातच संगणक जोडून घेतल्यास बाहेर पडण्यापूर्वी तो चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. रॅम दोन्ही पट्ट्यांसह पूर्ण दिसते का, ती खोक्यावर छापलेल्या वेगाने धावते का, कार्डाचे नाव तेच आहे का, हे टास्क मॅनेजरमध्ये दोन मिनिटांत कळते. रॅमचा वेग कमी दिसला तर बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय चालू करायची राहिली आहे; ती दुकानदाराकडूनच करून घ्यावी.

इतके करूनही भाग सदोष निघाला आणि विक्रेता दाद देईना, तर २० जुलै २०२० पासून लागू झालेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाताशी आहे. या कायद्याने ग्राहकाला आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. म्हणजे माल लॅमिंग्टन रोडवर घेतला असला, तरी डोंबिवलीकराला मुंबईच्या खेपा घालण्याचे कारण नाही. ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी आणि ती ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्याही करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दूरध्वनी करून पाहावा. काही प्रकरणे तेवढ्यावरच मिटतात. दोन्हीकडे पहिला प्रश्न बिलाचाच विचारला जातो.